गरम झाली की बंद पडते : पंप गेलाय की सोलेनॉइड?

मंडळी, 2005 ची डिझेल पिकअप आहे, इंजिनला प्रेशरने डिझेल देणारा साधा रोटरी पंप, सेन्सरची भानगड नाही. सकाळी अर्ध्या सेल्फला उठते. मोहोळकडून कांदा भरून अर्धा-पाऊण तास चाललो की सावळेश्वर टोलच्या रांगेत न्यूट्रलला आरपीएम खाली, दोन हिसके, गप्प. रेस दिलेली असताना कधीच पडत नाही. नंतर सेल्फ नुसता फिरतो, सायलेन्सरमधून धूरसुद्धा नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाही. तासाभराने निवांत चालू.

टेंपरेचरचा काटा निम्म्यावरच. डिझेल फिल्टर नवीन, टाकीचं झाकण सैल ठेवून पाहिलं, फिल्टरपुढे पारदर्शक नळी लावली तर बुडबुडा नाही.

परवा एका ट्रकवाल्या चाचांनी कांद्याचं बारदान भिजवून, पिळून पंपावर टाकलं. दहा मिनिटांत चालू! मागचे लोक तोवर हॉर्न वाजवून दमले होते. मिस्त्री म्हणतो पंपाचं हेड (ज्यात रोटर फिरून डिझेलला प्रेशर देतो तो भाग) झिजलंय. पण सोलेनॉइड (चावी बंद केली की डिझेल तोडणारा विजेचा खटका) पंपावरच बसतो, बारदानाने तोही गार झाला की. खर्चात पडण्याआधी दोन्ही वेगळे कसे ओळखायचे?

उत्तर : दादा, बंद पडल्यावर बॅटरीवरून सोलेनॉइडला थेट वायर लावा. टिक आवाज नाही आला तर कॉइल गेली. आवाज आला तरी लगेच विश्वास ठेवू नका, आतला प्लंजर (डिझेलची वाट अडवणारा दांडा) काढून सोलेनॉइड परत बसवा आणि गाडी चालवून बघा. मग चावीने बंद होणार नाही, गिअरमध्ये ब्रेक दाबून बंद करावी लागेल. गरम असताना ढकलून उठते का तेही बघा. सेल्फवर पंप हळू फिरतो, तापून पातळ झालेलं डिझेल झिजलेल्या हेडमधून आतल्या आत गळतं, प्रेशर बनत नाही. ढकलल्यावर वेग मिळतो. आणि गरम पंपावर गार पाणी ओतू नका, रोटर जाम होतो. चाचांनी पिळलेलं बारदान टाकलं ते बरं केलं.

धागाकर्ता : प्लंजर काढून काल तुळजापूर रोडला गेलो. तामलवाडीच्या अलीकडे चहाला थांबलो, गाडी न्यूट्रलला चालूच ठेवलेली. कप हातात यायच्या आत बंद. सेल्फवर उठली नाही, चौघांनी ढकलली तर उठली. सोलेनॉइड निर्दोष सुटला म्हणायचा. सोमवारी पंप उतरवून बेंचवर (पंप तपासायच्या मशीनवर) देतोय. हेड-रोटरची जोडी ओरिजिनलच घ्यावी का ओ, की लोकलची चालते?