मदत हवी आहे: फ्रेंच आज्ञार्थातला गाळलेला 'एस' परत का येतो?

नमस्कार मंडळी. फ्रेंचच्या ए-टू (प्राथमिक पातळीच्या) परीक्षेची तयारी करतेय आणि आज्ञार्थावर गाडी अडली आहे.

मूळ नियम कळला. वर्तमानकाळाचं रूप घ्यायचं आणि कर्ता उडवायचा, रूपं तीनच. 'आलों' म्हणजे आपलं 'जाऊ या', हे लगेच पटलं. 'एत्र' (असणं), 'आव्वार' (जवळ असणं) वगैरे चार हट्टी क्रियापदं सरळ पाठ केली.

पुढे घोळ. 'ई-आर'ने संपणाऱ्या क्रियापदांत 'तू'च्या रूपाचा शेवटचा 'एस' गाळतात. 'पार्ल' (बोल) मध्ये तो एरवीही उच्चारत नाहीत, त्यामुळे कानाला चूक कळत नाही. वहीत मात्र लाल रेघ! 'वा' (जा) मध्येही 'एस' नाही. पण 'ई' (तिथे, हे 'वाय' अक्षराचं सर्वनाम) जोडलं की तो परत येतो आणि 'वाझी' होतं. 'पार्ल'ला 'आँ' (त्यातलं, त्याबद्दल) जोडलं की 'पार्लझाँ'. दोन स्वर भिडू नयेत म्हणून, असं मी समजले. मग 'वा आँ शेर्शे' (जा, थोडं घेऊन ये) यात 'एस' का नाही? तिथेही स्वर भिडतातच की. 'आँ' पुढच्या 'शेर्शे'चं (आणणं) आहे म्हणून का?

दुसरं, सर्वनामांचा क्रम. 'ते मला दे' म्हणजे 'दॉन-ल-म्वा', पण 'देऊ नकोस' म्हटलं की सगळं उलटं: 'न म ल दॉन पा'. लिहिताना जमतं, बोलताना जीभ अडखळते. तुम्ही हे तोंडात कसं बसवलंत? तक्ते नकोत, तीन आहेत माझ्याकडे. रोजच्या वापरातली पाच-सहा वाक्यं दिलीत तर घोकेन.