गाडी चांगली, पण कंपनीचं नाव खराब: आधी काय दुरुस्त करावं?

घाटवळण:
२००८ साली नॅनो ‘लाखाची गाडी’ म्हणून गाजली आणि तीच ओळख तिच्या मुळावर आली. पण त्याच टाटाची पंच २०२४ मध्ये देशात सर्वांत जास्त खपली. आता समजा, दुसऱ्या एखाद्या कंपनीची गाडी रस्त्यावर उत्तम आहे, पण ‘सर्व्हिस बेकार, विकताना भाव येत नाही’ असा बोलबाला आहे. पैसा आधी कुठे घालावा? जाहिरात, नवं मॉडेल की डीलर?

पाचतारा:
जाहिरात सगळ्यात शेवटी. टाटाने २०१५ मध्ये मेस्सीला आणलं, पण लोकांचं मत फिरलं ते नेक्सॉनमुळे. ऑगस्ट २०१८ मध्ये तिला ग्लोबल एनकॅपचे, म्हणजे गाड्या धडकवून सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेचे, चारच तारे मिळाले होते. मग चालक आणि शेजारच्या सीटला बेल्ट रिमाइंडर दिला, बाजूच्या धडकेची अट पूर्ण केली आणि डिसेंबरमध्ये पाच तारे घेतले. भारतात बनलेल्या गाडीला ते पहिल्यांदाच मिळत होते. ‘पत्रा मजबूत’ हे मग गिऱ्हाईकच एकमेकांना सांगू लागलं. (ताऱ्यांचा आणि पत्र्याच्या जाडीचा तसा संबंध नाही, पण ते असो.) जे काही मिरवायचं ते बेस मॉडेललाही द्या. फक्त टॉप मॉडेलला दिलं तर सेल्समन गुण गातो एका गाडीचे आणि खपते दुसरीच.

बारा_तेराचा_पाना:
खरं दुखणं वर्कशॉपमध्ये आहे. वॉरंटीच्या कामाची मजुरी कंपनी डीलरला देते, आणि ती बहुतेकदा गिऱ्हाइकाकडून मिळणाऱ्या दरापेक्षा कमी असते. डॅशबोर्डची खडखड घ्या. शोधायला दीड तास, टेस्ट ड्राइव्हसकट. सापडल्यावर क्लिपखाली फेल्ट टेपची पट्टी लावायला दहा मिनिटं. कंपनीच्या तक्त्यात पैसे त्या दहा मिनिटांचे. वर डीलरने मागितलेला हा खर्च, म्हणजे क्लेम, कंपनीने नाकारला तर भुर्दंड डीलरच्याच माथी. मग ‘सर, हे नॉर्मल आहे’ ऐकू येणारच.

उपाय असे: वॉरंटीची मजुरी बाहेरच्या दराइतकी करा, बिघाड शोधायच्या वेळेचे पैसे वेगळे द्या, लहान रकमेच्या क्लेमला आधी मंजुरी मागू नका. आणि फोनवरचे ते ‘दहापैकी दहा द्या’ सर्व्हे बंद करा. गुणांवर इन्सेंटिव्ह असला की डीलर गुणच मागतो. तीच तक्रार ३० दिवसांत पुन्हा आली का, एवढंच मोजा.

यार्डवाला:
रिसेलला भाव न येण्याचं मूळ डीलरकडच्या साठ्यात आहे. कंपनी डीलरला गाडी पाठवते आणि तीच ‘विक्री’ म्हणून जाहीर करते. सप्टेंबर २०२४ मध्ये साठा ८० ते ८५ दिवसांवर, म्हणजे तेवढ्या दिवसांच्या विक्रीला पुरेल इतका, गेल्याचं डीलरांच्या संघटनेने, फाडाने, सांगितलं होतं. त्यांच्या मते तो २१ दिवसांचा असावा. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायरला सपाट डाग पडतात, व्याज चढतं. शेवटी डिसेंबरात लाखाची सूट. नवी गाडी लाखाने उतरली की वर्षापूर्वी घेतलेल्याची जुनीही तेवढ्याने उतरते, आणि तो माणूस पुन्हा त्या शोरूमची पायरी चढत नाही.

म्हणून इन्सेंटिव्ह सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर गिऱ्हाइकाच्या नावावर नोंद झालेल्या गाड्यांवरच द्या. बायबॅकची, म्हणजे ठरल्या भावाने गाडी परत घेण्याची, हमी परवडत नसेल तर निदान वाढीव वॉरंटी दुसऱ्या मालकाच्या नावावर फुकट करून द्या. वापरलेली गाडी घेणारा आधी तेच विचारतो.

घाटवळण:
पटलं. पण बजेट तुटपुंजं असेल आणि एकच काम करायचं असेल तर?

बारा_तेराचा_पाना:
अपघातात लागणारे पार्ट. बंपर, हेडलॅम्प, फेंडर, आरसा, एसीचा कंडेन्सर. नवं मॉडेल आलं की पुरवठादाराचा सगळा माल असेंब्ली लाइनवर जातो आणि स्पेअरचा डेपो रिकामा राहतो. मग एका हेडलॅम्पसाठी गाडी महिनाभर बॉडीशॉपमध्ये पडून, आणि मालक रोज रिक्षाने ऑफिसला. ऑफिसात ती गाडी घेऊ की नको विचारणाऱ्याला तो काय सांगेल? पहिली डिलिव्हरी होण्याआधी हे पार्ट डेपोत पोचलेच पाहिजेत, मग त्यासाठी लाँच दोन आठवडे पुढे गेला तरी चालेल.