जुनी थार अजून बरीच वर्षं टिकवायची आहे, खर्च कुठे करावा?

पाऊसवेडा: नमस्कार मंडळी. २०१७ची थार सीआरडीई (डिझेल) सेकंडहँड घेतलीय. मुक्काम कोल्हापूर, पण घर आणि कलमं राजापूरकडे. त्यामुळे पावसाळाभर घाट, ओढे, लाल चिखल. आरसी २०३२पर्यंत आहे, तोवर विकायची नाही. गॅरेजवाला अंडरबॉडी रबर कोटिंग, इंजिन फ्लश आणि मोठे टायर सुचवतोय. मला गाडी सजवायची नाही, टिकवायची आहे. पैसे कुठे घालू?

चिखलवाट: ते सगळं तूर्त बाजूला ठेवा, आधी तेलं बघा. इंजिन ऑइल सर्व्हिसिंगला बदललं जातंच. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि दोन्ही डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) यांच्याकडे मात्र कुणी फिरकत नाही, आणि ओढ्यातून जाणारी गाडी तिथेच मार खाते.

घाट चढून डिफरन्शियल तापलेलं असतं. तशीच गाडी गार पाण्यात घातली की आतली हवा आकसते आणि बाहेरून हवा ओढली जाते. त्यासाठी वर ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायचं छोटं तोंड, असतो. तो चिखलाने बुजला असेल किंवा पाण्याखाली गेला असेल, तर ऑइल सीलमधून नाहीतर ब्रीदरमधूनच पाणी आत शिरतं. डॅशबोर्डवर कुठलाही दिवा पेटत नाही. बेअरिंग आणि क्राउन-पिनियन (डिफरन्शियलचे मुख्य गिअर) गुपचूप झिजत राहतात, आणि घरघर ऐकू येईपर्यंत मोठं काम निघालेलं असतं.

खोल पाण्यातून आलात की गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी ड्रेन प्लग किंचित सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे तेच आधी टपकतं. तेल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर ते पाण्यात घुसळलं गेलंय, लगेच बदला. प्लगला चुंबक असेल तर त्यावरची काळी मऊ पेस्ट चालते, बोटाला टोचणारे तुकडे नकोत. डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं. गिअरबॉक्समध्ये मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घाला, कारण काही जीएल-५ तेलांतली रसायनं गिअर अलगद पडू देणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा खातात. आणि ब्रीदरला पाइप जोडून तो बॉनेटखाली उंच न्या. टायरच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

किनारपट्टी: रबर कोटिंग जुन्या गाडीला नकोच. गंज पूर्ण न काढता वर थर मारला की ओल खाली अडकते. वरून काळं कुळकुळीत, आतून चॅसिस सडलेली. त्यापेक्षा मे महिन्यात वायर ब्रश, रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज थोपवणारं रसायन) आणि वर मेणाचं कोटिंग करा, दरवर्षी. चॅसिसला खालून पाणी निघायची भोकं असतात, लाल माती सुकून ती बुजतात. ती तारेने मोकळी करा, आत पाण्याचा पाइप घाला आणि निवळ पाणी येईपर्यंत धुवा. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या मधला चिखलही विसरू नका.

घाटमाथा: वरच्या दोघांना अनुमोदन. माझी भर: प्रॉपेलर शाफ्टच्या (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसमध्ये, म्हणजे सांध्यात, पाण्यातून आल्यावर ग्रीस भरा, जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. एअर फिल्टर कंप्रेसरने जोरात फुंकून पुन्हा पुन्हा वापरू नका. कागद फाटला की धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टनच्या रिंगा संपतात. मोठ्या टायरचा भार व्हील बेअरिंग, बॉल जॉइंट आणि ब्रेकवर येतो, तेव्हा कंपनीचं माप सोडू नका.

पाऊसवेडा: मनापासून आभार. रविवारी तेलांपासून सुरुवात करतो. फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा हळू गिअर) फारसा लागत नाही, म्हणजे ट्रान्सफर केसची चिंता कमी ना?

चिखलवाट: उलट, महिन्यातून एकदा तरी कच्च्या रस्त्यावर फोर-लोमध्ये थोडं अंतर चालवा. तेल सगळीकडे फिरतं, लिव्हर जाम होत नाही. कोरड्या डांबरावर मात्र नको. हिला पुढच्या-मागच्या चाकांमधलं सेंटर डिफरन्शियल नाही. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो पीळ ट्रान्सफर केसवर बसतो. आणि रविवारी ड्रेन प्लगला हात लावण्याआधी वरचा फिलर प्लग सुटतोय ना, ते बघा. बऱ्याचदा तो गंजून बसलेला असतो. खालचं तेल सोडून दिलं आणि वरून भरता आलं नाही, तर गाडी जागची हलवता येणार नाही.