मदत हवी आहे: एकट्याने जीएसटीची कामं करणारे उसंत कशी काढता?

मी घरून एकटीच जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करते. क्लायंट बहुतेक किराणा, हार्डवेअरवाले. ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), २० तारखेला ३बी (कर भरायचं रिटर्न), आणि बिलं येतात आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर, तिरक्या, धूसर फोटोंत. मग जागरण ठरलेलंच. जुलैत इन्कम टॅक्सची रिटर्न सुरू झाली की रविवारही जातो. आता काम नसलेल्या रात्रीही झोप लागत नाही.

कामाचा नंबर वेगळा केला, तर लोक घरच्या नंबरवर फोन करतात. ५ तारखेची मुदत घातली. पाळतात तेच, जे आधीही वेळेत देत होते. काहींना तीन महिन्यांतून एकदा रिटर्न भरायच्या तिमाही योजनेत घातलं, पण ज्यांचे गिऱ्हाईक क्रेडिटसाठी (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) मागे लागतात त्यांची बिलं १३ तारखेपर्यंत पोर्टलवर चढवावीच लागतात. पूर्ण वेळ मदतनीस परवडत नाही. दंड शेवटी व्यापाऱ्यालाच बसतो, त्यामुळे काम अडवून धरायला मन होत नाही.

उशिरा बिलं देणाऱ्यांकडून जादा फी कोणी घेतं का? जुन्या क्लायंटना ते कसं सांगितलंत, आणि किती टिकले?