रंधा मशीनवर कानात काय घालता?

सुतार_मूल
नमस्कार मंडळी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाजवळच्या खेड्यात माझं सुतारकाम आहे. 22 वर्षं झाली, त्यातली शेवटची 12 मशीनवर. काम सगळं टिनाच्या शेडात.

परवा पोरानं माप सांगितलं छत्तीस, मी ऐकलं बत्तीस. सागाच्या चार फळ्या कापून झाल्यावर चूक समजली. मशीन तेव्हा बंद होती, अन् पोरगा हातभर अंतरावर उभा होता. रात्री बायको म्हणते, रातकिडे किती किरकिर करून राहिले. मला एकही ऐकू येत नाही, नुसती कानात कुईं चालू राहते. आजवर कापसाचे बोळे घालत आलो. आता पोरगाही कटर चालवून राहिला. त्याच्यासाठी काय घेऊ?

आरामशीन_वाला
दादा, कापूस आजच सोडा. त्यातून आवाज सरळ आत जातो. मी आरा मशीनवर 20 वर्षं तेच केलं, आज डाव्या कानाला ऐकायचं यंत्र आहे.

कानाच्या आत केसासारख्या बारीक पेशी असतात. मेल्या की परत येत नाहीत. मशीनच्या आवाजानं आधी उंच पट्टीचा भाग जातो, म्हणून तुमचे रातकिडे गेले. 'छ', 'स', 'त' हे आवाजही तिथलेच. माणूस बोलतो ते ऐकू येते, शब्द समजत नाही.

डेसिबल म्हणजे आवाजाचं माप. 85 डेसिबलच्या आवाजात कानाला दिवसाचे 8 तास चालते. पुढं दर 3 डेसिबलला वेळ अर्धा करा: 88 ला 4 तास, 91 ला 2, अन् 100 ला फक्त 15 मिनिटं. रंधा अन् कटर शंभराच्या आसपासच असतात, वरून टिन आवाज परत फेकते.

फोमचे बोळे स्वस्त आहेत, पण नुसते टेकवून फायदा नाही. हात धुवा, बोळा चिमटीत वळून काडीसारखा बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर अन् मागे ओढा, बोळा आत सारा, फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवा. नीट बसला तर स्वतःचं बोलणं घागरीत बोलल्यासारखं घुमते.

थ्रेशर_यवतमाळ
भुसा लागलेल्या हातानं दर वेळी बोळा कोण वळणार? सुताराला इअरमफ बरा, म्हणजे डोक्यावरून घालायचं, अख्खा कान झाकणारं गादीचं झाकण. स्विचच्या वर खिळ्याला टांगून ठेवा, चालू करायच्या आधी हातात येते. आमच्याकडे सोयाबीनच्या वेळी बाया रुमालावरून मफ घालत, फट राहायची. कानाच्या कातडीला गादी भिडली पाहिजे. चष्म्याच्या काडीनंही फट पडते.

सुतार_मूल
पोरगा म्हणते, मोबाईलचे इअरफोन घालतो, गाणेही होते.

आरामशीन_वाला
अजिबात नको! मशीनच्या वर गाणं ऐकू यायला तो आवाज आणखी वाढवणार. दोघंही जिल्ह्याच्या दवाखान्यात कानाची तपासणी करून घ्या. आदल्या दिवशी मशीन बंद ठेवा, थकलेल्या कानाची तपासणी बरोबर येत नाही.

सुतार_मूल
मफ दोन सांगितले. सोमवारी काम बंद, मंगळवारी पोराला घेऊन चंद्रपूरले जातो. त्याचा कागद पाहिल्याशिवाय त्याच्या हातात कटर देत नाही.