मदत हवी आहे: रग्बीत लाइनआउटनंतरची चाल सामन्यात फसते
पुण्यात अठरा वर्षांखालच्या मुलांना पंधरा जणांची रग्बी शिकवतो. लाइनआउटला (बाहेर गेलेला चेंडू बाजूरेषेवरून दोन रांगांमध्ये फेकतात तेव्हा) समोरची बॅकलाइन, म्हणजे मागे पसरलेले धावणारे खेळाडू, दहा मीटर मागे असते, स्क्रमला (दोन्हीकडचे पुढचे गडी भिडून ढकलतात तेव्हा) पाचच. म्हणून मुख्य चाल लाइनआउटवरूनच बसवली आहे. बारा नंबर (आतला सेंटर) चेंडू न घेता सरळ बचावाच्या अंगावर धावतो, चेंडू त्याच्या पाठीमागून फुलबॅककडे, म्हणजे सगळ्यात मागच्या खेळाडूकडे जातो. सरावात झकास होते. सामन्यात मात्र चेंडू स्क्रमहाफच्या (लाइनआउटमधून चेंडू घेऊन पहिला पास देणाऱ्याच्या) हातात यायच्या आधीच बारा नंबर सुटतो. फ्लायहाफजवळ (तो पास झेलून चाल पुढे नेणाऱ्याजवळ) येईपर्यंत त्याचा वेग मेलेला असतो, बचाव करणारे त्याच्याकडे बघतही नाहीत, सगळे बाहेर सरकतात. पोरं जीव तोडून धावतात हो, वाईट वाटतं.

बारा नंबरला आणखी खोल, म्हणजे मागे, उभं करू, की फ्लायहाफने चेंडू झेलल्यावरच निघ म्हणू? ज्यांनी ही चाल बसवली आहे त्यांनी कृपया सांगा. शनिवारी सामना आहे.