मदत हवी आहे : जलरंगात पावसाच्या थेंबांसारखा पोत मुद्दाम कसा आणावा?

जलरंगाचा थर अर्धवट ओला असताना त्यावर पाणी पडले, की रंगकण कडेला ढकलले जाऊन फुलांसारखे डाग उमटतात. एरवी दोष मानला जाणारा हा परिणाम मला हुकमी साधायचा आहे आणि त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

चित्रांत तोचतोचपणा आल्याने मी शनिवार-रविवार वाईला गेलो होतो. मेणवलीच्या घाटावर, जिथे १७३९ च्या वसई विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आहे, तिथे बसून घाटाच्या पायऱ्या रंगवत असताना अचानक सर आली, आणि कागद झाकेपर्यंत अल्ट्रामरीन (गडद निळा) व बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) या रंगांच्या ओल्या थरावर थेंबांची जाळी उमटली. दगडाचा जो जुनाट, शेवाळलेला पोत मला कुंचल्याने कधी जमला नव्हता, तो पावसाने (माझी परवानगी न घेता) करून दिला.

घरी आल्यावर फवाऱ्याच्या बाटलीने आणि ओल्या थरावर मीठ टाकून प्रयत्न केले. पण फवाऱ्याचे थेंब फार बारीक व एकसारखे पडतात, तर मिठाने चांदण्यांसारखी नक्षी येते, जी दगडाला शोभत नाही. कागद ३०० ग्रॅमचा (प्रति चौरस मीटर), सुती आणि खरखरीत आहे. थर किती सुकल्यावर थेंब टाकावेत, आणि ते लहानमोठे पडावेत म्हणून आपण काय वापरता? शिवाय मूळ चित्राचा कागद ओला होऊन लाटांसारखा वर-खाली झाला आहे. रंग न हलवता तो सपाट करण्याची खात्रीची पद्धत कोणी सांगितल्यास फार उपकार होतील.